नाव नसलेलं पातेलं

"घोंगडी उलटी पांघरली की झालं अस्वल!" मुरारी गोठाभर चार पायांवर फिरून दाखवत म्हणाला.

"अस्वल? भिजल्यालं मेंढरू दिसतोयस!" गवरा म्हणाली, तसा ज्योतीराम पोट धरधरून हसायला लागला.

शिमग्याची सुट्टी होती आणि दुपार कलली की देवळापुढे पोरांची सोंगं निघायची होती. चिखली गावचा नियम मोठा कडक! सोंग घरातल्याच कपड्यांचं पाहिजे. बाजारातला मुखवटा चालायचा नाही आणि शेजाऱ्याची टोपीसुद्धा नाही. ज्योतीरामच्या घरी कपड्यांच्या तीन पेट्या होत्या. गवराच्या घरी दोन लुगडी, एक आईच्या अंगावर आणि एक दोरीवर. दोरीवरचं घेऊन ती आली होती.

तिघं गोठ्यात बसली होती, त्यालाही कारण होतं. ज्योतीरामचे आजोबा नानासाहेब गवराला घरात पाऊल टाकू देत नव्हते. महिन्यापूर्वी त्यांच्या घरचा लग्नातला जरीचा शेला नाहीसा झाला. घरी भांडी घासायला कोण येतं? गवराची आई, कुशाबाई. मग चोर कोण? कुशाबाई! झाला निवाडा! नानासाहेबांनी चार माणसं नेऊन तिच्या झोपडीतलं गाडगं न् गाडगं पालथं घातलं. काही म्हणता काही मिळालं नाही, तरी चोर ती चोरच! गावात तिला कुणी काम देईना. बिचारी रोज पायी पिंपरीला जाऊन नव्या कंपनीच्या बांधकामावर विटा वाहत होती. शाळेत गवराच्या शेजारी कुणी बसत नव्हतं. बसायचे ते हे दोघंच.

"मी बोहारीण होतो!" ज्योतीराम एकदम म्हणाला. "आईचं लुगडं नेसतो, डोक्यावर भांड्यांची पाटी घेतो! जुने कपडे द्या, भांडी घ्याऽऽ! गवरा, तू गिऱ्हाईक हो."

तो धावत घरात गेला आणि पाटीभर भांडी घेऊन आला. गवरा एकेक भांडं हातात घेऊन बघू लागली. आईबरोबर राखेनं तिनंच तर ती घासली होती. एका मोठ्या पितळी पातेल्यापाशी तिचा हात थांबला.

"हे कुठलं रं?"

"वरच्या फळीवर, पार मागं होतं. का?"

"ह्याच्यावर नाव न्हाई! तुमच्याकडं पळीवर बी नानासाहेबांचं नाव कोरल्यालं हाय. मी येत हुते तवा हे नव्हतंच घरात."

"बोहारणीकडनं गुपचूप घेतलं असंल," मुरारी म्हणाला. "गुपचूप घेतल्यालं भांडं नाव घालायला कोन नेतंय?"

"पर एवढं मोठं? फाटक्या धोतरावर बोहारीण वाटी बी देत न्हाई!" बोलता बोलता गवरा थबकली. "ज्योत्या, तो शेला कशात ठेवला व्हता?"

"नानांच्या जुन्या धोतरात गुंडाळून. जरी काळी पडू नये म्हणून..." ज्योतीरामनं जीभ चावली.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. घरातल्या कुणीतरी ते धोतर जुनेर समजून न उलगडताच बोहारणीला देऊन टाकलं होतं!

"हे काकूचंच काम!" ज्योतीराम उसळला. "चला, नानांना सांगू!"

"आन त्ये ऐकत्यात व्हय? मला चोराची पोर म्हनत्यात त्ये! सांगायचं न्हाई, दाखवायचं. साऱ्या गावाफुडं!"

"मग माझं अस्वल?" मुरारीनं रडवेल्या आवाजात विचारलं.

"घोंगडी घेऊन झोप. तू घोरणारा सासरा!"

देवळापुढे ही गर्दी! सोंगांना नंबर द्यायला पंच म्हणून गावातले जाणते सोपानराव आणि नानासाहेब पारावर बसले होते. मुरारी घोंगडीत असा काही घोरला की लोक हसून हसून बेजार झाले. ज्योतीराम ठुमकत आला. गवरानं आईचं लुगडं सावरत धोतराचं गाठोडं पुढे केलं.

"घ्या, घ्या लवकर! मामंजी उठतील!"

"उलगडून तरी बघा, बाई! आत शेला बिला असायचा!" बोहारीण म्हणाली.

"शेला कुठला? जुनेर हाय! ते मोठं पातेलं द्या!"

नानासाहेबांचं हसू थांबलं. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून हुंदका आला.

"पुरे कर, ज्योत्या! मीच दिलं ते धोतर! मला काय ठाऊक, आत शेला हाय म्हणून? संध्याकाळी ध्यानात आलं, पर तोंड उघडायची छाती झाली न्हाई!"

ती काकू नव्हती. ती मंजुळाबाई होती, ज्योतीरामची आई! त्याच्या डोक्यावरची पाटी खाली पडली. आईचंच लुगडं नेसून तो भर गावात उभा होता, आणि आई तोंड झाकून रडत होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"म्हंजे माझ्या आयेला चोर ठरू दिलंत!" गवरा ओरडली.

नानासाहेब खाकरले. घरची अब्रू चव्हाट्यावर आलेली, मग विषय बदलायला नको? ते मोठ्यानं हसले.

"शाब्बास! पोरं लई हुशार! पैला नंबर ह्यांचा!"

"पोलिसांना जमलं नसतं!" सोपानरावांनी री ओढली आणि गवराच्या हातात नारळ दिला. टाळ्या पडल्या.

"आन कुशीला सांग, उद्यापासनं कामाला ये म्हणावं," नानासाहेब गवराला म्हणाले.

"तुम्ही येऊन सांगा! चोर म्हनायला आला व्हताच की आमच्या दारात!"

टाळ्या थांबल्या. "पोरी, सणासुदीचं असं बोलू नये," सोपानराव म्हणाले आणि त्यांनी पुढचं सोंग बोलावलं.

दिवस मावळताना गवरा पिंपरीच्या वाटेवर जाऊन थांबली. कुशाबाई दिसताच ती धावली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. कुशाबाई वाटेकडेलाच मटकन बसली. तिनं पदरानं डोळे पुसले.

"लई गुणाची माझी पोर! आन लोक काय म्हनले गं?"

"शाब्बास म्हनले! टाळ्या वाजवल्या!"

"त्ये तुला. मला काय म्हनले?"

"उद्यापासनं कामाला ये म्हनले."

"त्ये भांड्यांचं झालं, बाळा. मला काय म्हनले?"

गवरानं पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. पार, पंच, टाळ्या, सगळं आठवलं. आईसाठी कुणी काढलेला शब्द मात्र आठवेना. मग कुशाबाईच उठली आणि तिचा हात धरून घराकडे चालू लागली.