एकशे सत्तेचाळीस नंबरची हजेरी

ही गोष्ट खरी आहे. खोटी वाटली तर पुढे वाचू नका, माझं काही बिघडत नाही. मी ब्याऐंशी वर्षांची आहे, लोकांना घाबरवून मला आता काय मिळणार? मी सांगतेय आणि नात टाइप करतेय.

भूत म्हटलं की लोकांना मध्यरात्र लागते. आमचं भूत ऑफिसच्या वेळेत यायचं. संध्याकाळी बरोबर पाच वाजता, भर उजेडात, दोनशे माणसांच्या देखत.

जागा म्हणजे काडेपेट्यांचा बंद पडलेला कारखाना. युद्ध सुरू झालं आणि सरकारला एकदम साक्षात्कार झाला की आपल्या गावात शत्रू राहतात. शत्रू म्हणजे कोण, तर ज्यांचा जन्म पलीकडच्या देशात झाला ते. भट्टीवाला, बँडमास्तर, दोन धोबी, एक शाळामास्तर... त्यांना कारखान्यात कोंडलं, भोवती काटेरी तार मारली आणि प्रत्येकाला एक नंबर दिला.

एकशे सत्तेचाळीस नंबर म्हणजे चष्मेवाले काका.

दीड वर्षाचे असताना आईच्या कडेवर बसून ते इकडे आले होते. शत्रूच्या भाषेत त्यांना पाणीसुद्धा मागता येत नव्हतं. त्यांनी कुणाचं काय घोडं मारलं होतं? उलट अर्ध्या गावाचे चष्मे त्यांच्या हातचे. त्यांनीच बनवलेला चष्मा नाकावर चढवून माझ्या सासऱ्यांनी त्यांचं नाव शत्रूंच्या यादीत लिहिलं.

सासरे त्या छावणीचे हेडक्लार्क. मी त्यांना मामंजी म्हणायचे. माझा नवरा आघाडीवर गेलेला, ऑफिसात पुरुष उरले नव्हते, म्हणून मामंजींनी मला टायपिस्ट म्हणून बसवलं. माणूस असा, की घराला आग लागली तरी बादलीसाठी आधी अर्ज मागेल.

हजेरीची पद्धत ठरलेली होती. पाच-पाचच्या रांगा करायच्या. मामंजी नंबर पुकारणार, ज्याचा त्याने ओरडून आपला नंबर सांगायचा. त्याच वेळी हवालदार मागून डोकी मोजत जाणार. हवालदाराचा आकडा रजिस्टरशी जुळला की सगळे मोकळे. नाही जुळला तर पुन्हा पहिल्यापासून. जुळेपर्यंत जेवण नाही.

काकांना दम्याचा त्रास होता. कारखान्याच्या भिंतींना गंधक चिकटलेलं, वारा आला की धुरळा उडायचा. एका बुधवारी त्यांना जोराची धाप लागली. तसेच ते ऑफिसच्या खिडकीशी आले. हातात दवाखान्यात नेण्याचा अर्ज, तीन प्रतींत, व्यवस्थित लिहिलेला. जन्मात कधी नियम मोडला नव्हता त्यांनी.

"डॉक्टर मंगळवारी येतात," मामंजी म्हणाले. "त्यांची सही नसेल तर फाटक उघडत नाही."

"साहेब, आज बुधवार आहे."

"मग मंगळवारी या."

अर्ज माझ्याकडे आला. मी तो ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

काका सोमवारी सकाळी सहा वाजता गेले.

मामंजींची पाचावर धारण बसली. चौकशी झाली असती, नोकरी गेली असती. मग त्यांनी अक्कल चालवली. मला दोन दिवस आधीची तारीख घालून एक कागद टाइप करायला लावला. एकशे सत्तेचाळीस, दुसऱ्या छावणीत बदली. मी टाइप केला. दुपारच्या आत दोन पहारेकऱ्यांनी काकांना कारखान्यामागे, कोठाराच्या भिंतीलगत पुरलं. रजिस्टरमध्ये दोनशे सहा माणसं उरली.

त्याच संध्याकाळी पाचला हजेरी सुरू झाली. मी मामंजींच्या शेजारी रजिस्टर धरून उभी होते.

"एकशे शेहेचाळीस."

उत्तर आलं.

"एकशे अठ्ठेचाळीस."

तो बँडमास्तर. एरवी त्याचा आवाज कारखानाभर घुमायचा. तो बोललाच नाही.

तो आपल्या डावीकडे बघत होता...

आधीच्या माणसाचं बोलणं संपू द्यावं, तसा थांबला होता. मग त्याने आपला नंबर सांगितला.

हवालदार मागून आला. त्याचा चेहरा पडलेला होता. "साहेब, दोनशे सात."

"शाळेत गेला होतास का कधी? पुन्हा मोज."

हवालदाराने पुन्हा मोजलं.

दोनशे सात...

मग मामंजी स्वतः उठले. प्रत्येक डोक्याकडे बोट करत शेवटपर्यंत गेले. दोनशे सात. रांगा मोजल्या तर एक्केचाळीस भरलेल्या आणि वर एक माणूस, म्हणजे दोनशे सहाच. रांगांनी मोजलं की बरोबर. डोकी मोजली की एक जास्त. आठ वाजले तरी माणसं उपाशी उभी होती. कुणी हलत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं.

आणि त्या शांततेत, बँडमास्तरच्या रांगेच्या बाजूने, कुणाला तरी धाप लागल्याचा आवाज येत होता...

तिथे कुणालाच दमा नव्हता.

तीन संध्याकाळी हेच झालं. चौथ्या दिवशी मामंजींनी मोजणीच बंद करून टाकली. "आकडा आपण लिहितो, सूनबाई. डोकी नाही लिहीत," असं म्हणून रोज दोनशे सहा लिहायला लागले. वरच्यांना ताकास तूर लागू दिली नाही. मला त्यांची किळस यायची. आणि रोज त्यांना रजिस्टर उघडून देणारीही मीच.

काकांची बायको दर रविवारी डबा घेऊन फाटकाशी यायची. पहिल्या रविवारी मामंजींनी मला पुढे केलं. असल्या कामाला त्यांना सून आठवायची.

"काकू, काकांची बदली झाली. ठिकाण गुप्त असतं," मी म्हटलं.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाल्या आणि गेल्या. पुढच्या रविवारी पुन्हा आल्या. डबा नव्हता. एवढंच विचारलं, "आज काही सांगायचंय का?"

"नाही, काकू."

असे आठ रविवार गेले.

मग युद्ध संपलं आणि सुटकेचा हुकूम घेऊन एक अधिकारी आला. इस्त्री मोडेल म्हणून खुर्चीला टेकूनही न बसणारा. त्याचा नियम सोपा होता. तो स्वतः डोकी मोजणार. रजिस्टरशी जुळली तर आजच सगळ्यांची सुटका. नाही तर छावणीला सील, आणि चौकशी होईपर्यंत सगळे आत.

दोनशे सहा माणसं गाठोडी बांधून उभी होती. तारेपलीकडे बायकापोरं जमलेली.

अधिकाऱ्याने मोजलं... दोनशे सात.

तो हुशार होता. त्याने कागदाचे कपटे मागवले आणि स्वतःच्या हाताने एकेकाला एकेक कपटा देत गेला. दोनशे सात कपटे संपले. मग सगळ्यांना हात वर करायला लावले.

वर आलेल्या हातांत कपटे होते दोनशे सहा...

जमिनीवर काही पडलेलं नव्हतं.

बँडमास्तर रांगेतून म्हणाला, "साहेब, एकशे सत्तेचाळीस इथेच मेला. मागे पुरलाय. तेवढं खरं लिहा, म्हणजे तो जाईल."

"उपाशीपोटी भास होतात यांना, साहेब," मामंजी म्हणाले. चोराच्या उलट्या बोंबा त्या ह्याच.

अधिकारी माझ्याकडे वळला. "बदलीचा कागद तुम्ही टाइप केलात?"

"हो."

"म्हणजे बदली झाली होती?"

दोनशे माणसं माझ्याकडे बघत होती. मामंजीही. नवरा परत यायचा होता, राहायचं त्याच घरात होतं. सगळा हिशेब माझ्या डोक्यात एका श्वासात झाला. मी म्हटलं, "हो."

"मग तो परत आलाय. तसं लिहा. परत हजर, एकूण दोनशे सात. जुळलं." त्याने रुमालाने हात पुसले. एका जिवंत माणसाला मारायला यांना मंगळवार लागला. मेलेल्याला जिवंत करायला अर्धं मिनिट पुरलं.

सुटकेचे कागद नंबरवार वाटले गेले. टेबलाशी यायचं, दोरीने बांधलेल्या टाकाने सही करायची, कागद घ्यायचा. एकशे शेहेचाळीस येऊन गेला. मग बँडमास्तर टेबलापासून दोन पावलांवर थांबला. त्याला कुणी थांबायला सांगितलं नव्हतं.

टाकाची दोरी हलली...

मग तो पुढे झाला आणि स्वतःची सही करून गेला.

मी रजिस्टरमध्ये पाहिलं. एकशे सत्तेचाळीसच्या ओळीत सही होती, शाई ओली. बारीक, डावीकडे कललेली अक्षरं. माझ्या ड्रॉवरमधल्या तीन प्रतींवर तीच होती. काकांचा सुटकेचा कागद टेबलावर नव्हता. तो कुठे गेला, मला आजही माहीत नाही.

फाटक रिकामं झालं. काकू एकट्याच उभ्या होत्या. आतून मामंजी ओरडले, "बाई, तुमचे सुटले! घरी जाऊन बघा, तुमच्या आधी पोचले असतील!"

माझा पाय पुढे पडला. कसा, ते देवालाच ठाऊक. "काकू... काका गेले. आठ आठवडे होऊन गेले. मागे, कोठाराच्या भिंतीशी."

काकू रडल्या नाहीत.

"मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "ते रोज घरी येतात. खुर्चीत बसतात, बोलत नाहीत. पाच वाजत आले की उठतात. हजेरी चुकेल म्हणून घाबरतात गं अजून. मी दर रविवारी येत होते ती तू कधी सांगतेस ते बघायला."



"आता सांगितलंसच, तर लिहून दे. कधी गेले, कुठे गेले, कशाने गेले. खाली तुझं नाव. बाकी काही नको."

"उद्या देते, काकू."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की तसं कुणी झुरळाकडेही बघत नाही. आणि त्या चालायला लागल्या.

तो उद्या मी कधीच येऊ दिला नाही. मामंजींना बढती मिळाली, खाऊनपिऊन सुखात नव्वद वर्षं जगले. असल्या माणसांच्या वाटेला भुतंही जात नाहीत. काकू तीनेक वर्षांत गेल्या. त्यानंतर काका कुणाकडे जाऊन बसत असतील, हा विचार माझी पाठ सोडत नाही. आमच्या बैठकीतली एक खुर्ची मी कुणाला बसायला देत नाही. का, ते घरात कुणी विचारत नाही.

म्हणून आज सगळं लिहून देतेय. सोमवारी, सकाळी सहा वाजता, छावणीत. दम्याने, आणि मंगळवारची वाट बघत.

नातीने एवढं टाइप केलं आणि विचारलं, "आजी, खाली तुझं नाव टाकू ना?"

मी म्हटलं, "नको."