लीलाबाईंच्या हॉलमधला दुसरा खेळाडू

ही गोष्ट खरी आहे. ज्याला खोटी वाटेल त्यानं खुशाल खोटी समजावी, मला कुणाच्या पाया पडायचं नाही.

आमरीन माझी मावसबहीण. तिच्या तोंडून ऐकलं तसं सांगते. ती बनवाबनवी करणारी बाई नाही. उलट खरं बोलून बोलून तिनं निम्मे नातेवाईक तोडलेत.

जागा आपल्या छत्रपती संभाजीनगरातलीच, उस्मानपुरा. दिवस दिवाळीच्या सुट्टीचे. आणि वेळ रात्रीची नाही बरं का. भर दुपारची. खाली भंगारवाला ओरडत होता, शेजारी कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या.

अशा उजेडात झालं हे सगळं.

आधी मोनालीचं सांगते. मोनाली आमरीनची शाळेपासूनची मैत्रीण. दोघी हर्सूलला सांडू सरांच्या क्लासमध्ये कराटे शिकल्या. मोनाली तर जिल्ह्यात पहिली आलेली. मग लग्न झालं, वैजापूरला गेली, आणि सुदर्शन नावाच्या त्या नवऱ्यानं तिचं बाहेर पडणंच बंद केलं.

"बाईमाणसानं लाथा झाडत हिंडायचं नाय," म्हणे.

तेव्हा तिनं एक गेम घेतला. टीव्हीला जोडायचा, वर छोटा कॅमेरा बसवायचा आणि समोर उभं राहून हातपाय चालवायचे. कॅमेरा आपलं अंग ओळखतो. पडद्यावर आपली निळी आकृती दिसते, समोर दुसरी येते, तिच्याशी लढायचं. घरातल्या घरात घाम निघतो. तेवढंच तिचं स्वतःचं उरलं होतं.

उन्हाळ्यात मोनाली गेली.

गच्चीच्या जिन्यावरून पाय घसरला म्हणे.

म्हणे! एका पायावर उभी राहून दुसऱ्या पायानं वाऱ्याला लाथ मारणारी पोरगी, आणि हिचा पाय घसरला म्हणे! आमरीन तिथंच मयतीत भडकली होती. पण सगळ्यांनी एकच गोष्ट पुढं केली. मोनालीचे हात. बोटांच्या सांध्यांवर साधा ओरखडा नव्हता. सुदर्शनच्या तोंडावरही कुठं खूण नव्हती.

"मारहाण झाली असती तर कराटेवाली बाई गप बसली असती का? दोन तरी लगावल्या असत्या ना?"

सासरचे हेच म्हणाले. शेजारी हेच म्हणाले. चौकशीला आलेले पोलीस साहेबही मान हलवून हेच म्हणाले. झालं, विषय संपला.

मोनालीची आई लीलाबाई उस्मानपुऱ्यात एकट्याच राहायच्या. त्यांनी नातीला, यशूला, सुट्टीला इकडं आणलं. पोरीच्या कपड्यांसोबत तो गेमचा डबाही आला. यशू पहिलीतली पोर. पण कुणी फळीवरचा डबा काढायला हात वर केला तरी डोकं झाकून खाली बसायची. काय बघितलं होतं त्या लेकरानं, ते विचारायची कुणाची छाती नव्हती.

आणि आता सुदर्शनचा फोन आला होता. सुट्टी संपली की पोरगी घेऊन जातो. पोरगी माझी आहे.

लीलाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. कागदोपत्री बाप तोच. अडवणार कशाच्या जोरावर?

आमरीन जवळच राहते. रोज दुपारी लीलाबाईंकडं जायची. तिला डॉक्टरांनी शुगरसाठी व्यायाम सांगितला होता, म्हणून तिनं तो गेम टीव्हीला जोडला. सतरंजी टाकायची आणि ठोसे मारायचे. सुदर्शनचं थोबाड डोळ्यांपुढं आणायची. घाम मस्त निघायचा.

फक्त एक भानगड होती. तिचा ठोसा गेम धरायचाच नाही. मारला की पडद्यावर यायचं, "मिस."

याचं कारण तिला लगेच कळलं. सांडू सरांनी शिकवलेलं असं, की ठोसा पूर्ण जोरानं सोडायचा आणि समोरच्याच्या तोंडापाशी आणून थांबवायचा. लागू द्यायचा नाही. लागला तर पॉइंट जातो, सरांची छडी बसते ती वेगळी. वर्षानुवर्षं हेच घोटलेलं. हात आपोआप आखडायचा. आणि गेमला तर हात पूर्ण सरळ झालेला लागतो.

आमरीननं चार शिव्या घालून ती सवय मोडली.

मग ती दुपार आली.

लीलाबाई आत भाकऱ्या थापत होत्या. यशू झोपलेली. आमरीन सतरंजीवर उभी राहिली, गेम चालू केला. निळी आकृती आली. आणि तेवढ्यात डब्यातून गेममधल्या बाईचा आवाज आला...

"प्लेअर टू, रेडी."

आमरीननं मागं बघितलं.

मागं कुणी नव्हतं.

तिला वाटलं, सोफ्यावरच्या उशीला कॅमेरा माणूस समजला असेल. उशी उचलून आत फेकली. परत बघितलं. पडद्यावर तिच्या शेजारी दुसरी आकृती उभीच. करड्या रंगाची. बारीक, तिच्यापेक्षा उंच.

त्या आकृतीनं उजवा खांदा एकदा झटकला...

लढत सुरू व्हायच्या आधी खांदा असा झटकायची सवय या जगात एकाच पोरीला होती.

"मोनाली?"

आकृती वाकली. नमस्कार केला. आणि ठोसा मारला.

"मिस."

दुसरा.

"मिस."

पंख्याचा आवाज थांबल्यासारखा वाटला. खालचा भंगारवालाही ऐकू येईना. फक्त तो डबा बोलत होता. मिस... मिस... मिस... प्रत्येक ठोसा वाऱ्यासारखा यायचा आणि शेवटच्या क्षणी थांबायचा. कोपर पूर्ण सरळ व्हायचंच नाही.

आणि तेव्हा आमरीनच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

मोनाली गप बसली नव्हती. तिनं मारलं होतं. त्या जिन्यात, तो अंगावर येत असताना, तिनं ठोशावर ठोसा मारला होता. आणि प्रत्येक ठोसा त्याच्या तोंडापाशी येऊन थांबला होता. तिला तसंच शिकवलं होतं ना! म्हणून हातावर ओरखडा नव्हता. म्हणून त्या हरामखोराच्या तोंडावर खूण नव्हती. आणि लोक म्हणाले, बघा, हात स्वच्छ आहेत.

आमरीन घाबरायच्या ऐवजी संतापली. इतकी संतापली, की भीती कुठल्या कुठं गेली. सांडू सरांवर संतापली, साहेबांवर संतापली, सगळ्यात जास्त मोनालीवरच.

"अगं येडे! थांबवते कशाला? लागू दे ना! पुरा हात सोड!"

लीलाबाई पिठाच्या हातानं बाहेर आल्या. "कुणाला बोलती गं?"

आमरीननं पडद्याकडं बोट दाखवलं. लीलाबाईंनी बघितलं. ती करडी आकृती परत खांदा झटकत होती. लीलाबाई दारातच मटकन खाली बसल्या. रडल्या नाहीत.

मग म्हणाल्या, "शिकव तिला."

झालं! दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी तेच. आमरीन हळूहळू हात सोडून दाखवायची. कोपर सरळ, खांदा पुढं, कंबर मागून. "असं. समोर माणूस नाहीच असं समज. त्याच्या पाठीमागच्या भिंतीला मारायचंय तुला." आकृती बघायची. करायची. मिस. लीलाबाई कोपऱ्यातून ओरडायच्या, "मार गं मोना, मार!" सख्खी आई ओरडायची असं.

मला विचाराल तर तेव्हाच थांबायला पाहिजे होतं. मी आमरीनला म्हटलंही तसं. ती माझ्यावरच खेकसली. "तू उद्या यशूला त्याच्या हवाली करशील का? बोल!"



सुट्टी संपत आली आणि सुदर्शन आला. तोही दुपारीच. आमरीनचा व्यायाम चालू होता. बेल वाजली, लीलाबाईंनी दार उघडलं, आमरीनही त्यांच्यामागं दाराशी गेली आणि तो चपला घालूनच आत घुसला.

"यशू, चल. बॅग घे."

यशू आजीच्या पातळात तोंड खुपसून उभी. लीलाबाईंनी हात जोडले. "जावईबापू, अजून लहान हाय ती. वर्षभर राहू द्या माझ्याकडं."

"तुमच्याकडं ठेवून काय, तिलाही लाथा मारायला शिकवता का?"

आमरीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सुदर्शन, तोंड सांभाळ."

"तू कोण गं? घरचं आहे आमचं. बाजूला हो." आणि पोरीकडं वळला. "यशू! एकदा सांगितलेलं कळत नाही का?"

त्यानं हात उगारला.

तो सतरंजीवर उभा होता. अगदी मधोमध, जिथं खेळणारा उभा राहतो तिथं.

"प्लेअर टू, रेडी..."

तो टीव्हीकडं वळला. पडद्यावर त्याची स्वतःची निळी आकृती दिसत होती, हात वर केलेली. आणि तिच्यासमोर...

खांदा झटकला गेला.

आवाज आला. आमरीन म्हणते, ओल्या कपड्यावर धोपाटणं बसावं तसा. सुदर्शनची मान मागं गेली. मग पुन्हा एकदा. आणि पुन्हा. तो भिंतीला टेकला तरी मार थांबेना. हॉलमध्ये त्याच्या जवळपास कुणीही नव्हतं. आमरीन दाराशी होती, लीलाबाई पोरीला पोटाशी धरून कोपऱ्यात. डबा मात्र नुसता मोजत होता. हिट. हिट. हिट.

शेवटी आमरीननंच जाऊन प्लग उपटला.

सुदर्शन रांगत बाहेर गेला. जबडा मोडला होता, दोन दात सतरंजीवर पडले होते. त्यानं जाऊन सगळ्यांना सांगितलं, आमरीननं मारलं म्हणून. चौकशी झाली. आलेल्या साहेबांनी तिचे हात उलटेपालटे करून बघितले. बोटांवर साधा ओरखडा नव्हता. "जबडा मोडेपर्यंत मारलं आणि हाताला काहीच नाही? कसं शक्य आहे?" ते म्हणाले. आमरीन मला हे सांगताना हसली. असलं हसू मी तिच्या तोंडावर कधी बघितलं नव्हतं.

सुदर्शन पुन्हा पोरीचं नाव काढत नाही. यशू आजीकडंच आहे. जवळच्या शाळेत तिचं नाव घातलंय. तिच्यापुरतं सगळं चांगलं झालं.

इथं गोष्ट संपायला पाहिजे होती.

गेम त्यांनी बंद केला. डबा, कॅमेरा, वायरी, सगळं गोणपाटात बांधून हॉलच्या माळ्यावर टाकलं. वीज नाही, टीव्ही नाही, काही नाही.

मग एके सकाळी यशूनं दूध सांडलं. लीलाबाई चिडल्या. आजी चिडते तशाच. "थांब, देते एक!" म्हणून नुसता हात उगारला. मारणारही नव्हत्या.

हॉलमधून आवाज आला. "रेडी..."

लीलाबाईंचा ओठ फाटला. आतून टाके घालावे लागले.

सख्खी आई हो! जिनं कोपऱ्यात बसून "मार गं मोना" म्हटलं, ती आई!

आमरीननं मग काय काय नाही केलं. हात जोडले, समजावलं, ओरडली, रडली. रिकाम्या हॉलमध्ये उभी राहून म्हणाली, "बाई, आता थांब. तो गेला." आता तिला स्वतःचाच राग येतो, पण तो काढायचा कुणावर? मी म्हटलं, घर बदला. लीलाबाई तयार नाहीत. म्हणतात, लेक आहे माझी इथं.

परवा मी स्वतः तिथं गेले होते. शाळेची वेळ झालेली. यशू पाटावर बसली होती, केस मोकळे. आमरीन तिच्यामागं कंगवा घेऊन उभी. पण हात खालीच. दोन्ही हात मांडीला चिकटवलेले.

ती माळ्याकडं बघून हळूच म्हणाली, "मोनाली, वेणी घालते गं पोरीची. फक्त वेणी."

आणि वाट बघत राहिली.

लीलाबाईही स्वयंपाकघरात हलायच्या थांबल्या. यशूला मात्र त्याचं काहीच वाटत नव्हतं. ती आपली रिबिनीशी खेळत बसली होती.

थोड्या वेळानं ती पोर मागं न बघताच म्हणाली, "घाल मावशी. मम्मी हो म्हणाली."