शिट्टी थांबेपर्यंत

मी आता जे सांगणार आहे ते अक्षरन् अक्षर खरं आहे. हवं तर या शेगडीवर हात ठेवून शपथ घेतो... नको, तापली आहे. न ठेवताच घेतो. ज्या हिवाळ्यातली ही गोष्ट, त्या हिवाळ्यात आमच्या सेंट जॉन नदीच्या खोऱ्यात अशी थंडी पडली होती, की माझ्या कुत्र्याची सावली अंगणात गोठून बसली आणि तो मार्चपर्यंत बिनसावलीचा हिंडत होता. बरं, हे खोटं. माझ्याकडे कुत्रा कधीच नव्हता. पण बाकीचं सगळं खरं.

माझं नाव गिल्दार थेरिओ. खोऱ्यात मला खिंडार म्हणतात, कारण सोळाव्या वर्षी हॉकीच्या चकतीनं माझे वरचे तीन दात नेले. अनोळखी माणसांना मी अस्वलानं नेले असं सांगतो. धंदा शेगड्यांचा. लोकांच्या तळघरातले तेलाचे बॉयलर आणि टाक्या उपटायच्या, वर बैठकीत लाकडाची नाहीतर भुशाच्या गोळ्यांची शेगडी बसवायची, धुराडं छपरातून बाहेर काढायचं. या धंद्यात मोडू नये असा नियम एकच. ज्या दिवशी टाकी काढाल, त्याच दिवशी भिंतीतून बाहेर आलेला तेल भरायचा पाइपही काढा. नाहीतर एखाद्या दिवशी तेलवाला नेहमीच्या सवयीनं येतो, झाकण फिरवतो, नळी लावतो, आणि जिथं टाकीच उरलेली नाही अशा तळघरात हजार लिटर तेल सोडून निघून जातो. मग त्या घरात राहता येत नाही आणि ते विकताही येत नाही.

रोझाल्बा मावशीची टाकी मी ऑक्टोबरात काढली. पाइप राहिला. आधी बटाट्याची काढणी आली, मग हरणांची शिकार आली, मग... मग काही नाही, मी आळशी आहे. शेवटी डिसेंबरातल्या एका मंगळवारी दुपारी पाना आणि सिमेंटची बादली घेऊन मी निघालो. अर्ध्या तासाचं काम होतं.

दोन वाजले होते, पण उजेड सांजेचा होता. आमच्याकडे डिसेंबरात सूर्य पाहुण्यासारखा येतो आणि चहाच्या आधी उठून जातो. बर्फ आडवा पडत होता. नदी दिसत नव्हती, नदीपलीकडचा कॅनडा दिसत नव्हता, फक्त मावशीच्या धुराड्यातून निघणारा धूर दिसत होता. तो पाहून माझी छाती फुगली. माझंच काम होतं ते.

मावशी म्हणजे तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची, साडेचार फुटांची बाई. अंगात वारलेल्या नवऱ्याचा, आल्सिदचा, गुडघ्यापर्यंत लोंबणारा स्वेटर. ती शेगडीच्या बिडाच्या माथ्यावरच कुट्टूचे घावन घालत होती. काकवीचा आणि जळत्या मेपलचा वास घरभर पसरला होता.

"पाइप काढायला आलास की खायला?"

"आधी घावन, मावशी. उपाशी माणसाच्या हातानं पाइप हलत नाही."

"भरल्या पोटीही हलत नाही, हे ऑक्टोबरपासून बघतेय."

मी बसलो. दाराजवळ एक कोरी करकरीत प्रवासी बॅग उभी होती, हँडलला अजून दुकानाची चिठ्ठी लटकलेली.

"जिनेटनं पाठवलीय," मावशी म्हणाली. "चार वाजता येतेय ती."

जिनेट म्हणजे तिची मुलगी. दक्षिणेला दहा तासांच्या अंतरावर राहणारी. तिनं आपल्या घराजवळच्या एका इमारतीत आईसाठी दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. लिफ्ट, गालिचा, बटण दाबलं की गरम. जुना बॉयलर बंद पडला तेव्हाच ती आईला न्यायला निघाली होती. मावशीनं एकच सवलत मागून घेतली होती. लाकडाची शेगडी लावते, पहिल्या मोठ्या वादळात येऊन बघ. भिंतीवरच्या तापमापकाचा काटा पासष्टच्या वर असेल तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. खाली असेल तर बॅग भरायची. आमचे अंश फॅरनहाइटचे बरं का. पासष्ट म्हणजे भाजून निघाल असं काही नाही.

"बॅग रिकामी आहे ना अजून?" मी विचारलं.

"रिकामी कशाला?" तिनं चेन ओढली. आत गळ्यापर्यंत लाकडाच्या ढलप्या भरलेल्या होत्या. "चांगली बॅग आहे. ढलप्या कोरड्या राहतात."

काटा एकाहत्तरवर होता. मी पाचवा घावन उचलला.

"ओविला आठवतो तुला?" तिनं एकदम विचारलं.

आठवत होता. ओविला तेलवाला. तीस-एक वर्षांपूर्वी फेब्रुवारीच्या वादळात या घरची टाकी कोरडी पडली, म्हणून तो टँकर घेऊन एकटा निघाला. सकाळी वळणावर सापडला, इथून अर्ध्या मैलावर. स्टिअरिंगला धरून बसल्या जागी ताठ गोठलेला. डोळे उघडे, याच घराकडे लागलेले.

"तो गेल्यापासून मोठं वादळ आलं की दरवर्षी आमची टाकी आपोआप शिट्टी वाजवायची," मावशी हलकेच म्हणाली. "आल्सिद म्हणायचा, वारा आहे."

शिट्टीचं सांगतो. टाकीत तेल ओतलं की आतली हवा दुसऱ्या नळीतून बाहेर पडते आणि तिथं बसवलेली शिट्टी वाजत राहते. टाकी भरली की शिट्टी थांबते. बाहेर बर्फात उभ्या तेलवाल्याला आतलं दिसत नाही. तो फक्त ऐकतो. शिट्टी थांबली की थांबतो.

"ओविला जिवंत होता तेव्हा हा आल्सिद," मावशी हसली, "तळघरात जाऊन हुबेहूब तशी शिट्टी मारायचा आणि मध्येच थांबायचा. ओविला बिचारा भरलं म्हणून नळी गुंडाळायला लागायचा. मग दोघं इथं बसून कॉफी पीत खिदळायचे. पण गिल्दार..." तिनं उलथनं खाली ठेवलं. "इतकी वर्षं टाकी होती. त्याला ओतायला जागा होती."

त्याच क्षणी वीज गेली.

फ्रिजची घरघर थांबली तेव्हा कळलं की इतका वेळ ती चालू होती. शेगडीच्या काचेमागचा लालसर उजेड तेवढा राहिला. आणि त्या शांततेत बाहेर, रस्त्यावर, एक जड गाडी मागे मागे येत असल्याचा आवाज आला...

मी खिडकीशी गेलो. रस्त्यावर काही नव्हतं. गाडी नाही, दिवे नाहीत, चाकांची खूण नाही. पण रस्त्यापासून आमच्या भिंतीकडे बर्फात एक चर पडत येत होता. मनगटाएवढा रुंद, वळणं घेत, हळूहळू. जड नळी ओढत आणली की पडतो तसा. ओढणारा दिसत नव्हता.

भिंतीपलीकडे लोखंड कुरकुरलं. झाकण फिरत होतं. मीच न काढलेल्या पाइपाचं.

"मावशी..."

"ऐकतेय."

आधी वास आला. रॉकेलसारखा, जुना, ओला, घशात बसणारा. मग तळघराच्या दाराखालून गारवा आला. साधा नाही. तो पाण्यासारखा साचत होता. दाराच्या तळाशी दहिवराची पांढरी रेघ उमटली आणि वर सरकू लागली. एक बोट... चार बोटं... वीत. खाली टाकी नव्हती, म्हणून तो तळघरच भरत होता. आणि तळघर भरलं की पुढे काय, ते मला विचारावं लागलं नाही. शेगडीतली ज्वाळा आखडली. मी मेपलचे दोन ओंडके घातले, झडप सताड उघडली. ओंडके नुसते धुमसत राहिले. काटा सदुसष्ट. चौसष्ट. साठ.

आणि दार उघडून जिनेट आत आली. लांब कोट, मफलर, पापण्यांवर बर्फ. चारला अजून वीस मिनिटं होती. शिस्तीची बाई.

तिनं आईला मिठी मारली, मला "तू अजून जिवंत?" असं विचारलं, आणि सरळ भिंतीकडे पाहिलं. अठ्ठावन्न.

"आई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "बॅग भरू या."

"पाच मिनिटं थांब."

"तुझ्या तोंडातून वाफ निघतेय, आई! आणि हा तेलाचा वास कसला? टाकी काढली ना?"

मावशी माझ्याकडे बघत होती. दहिवराची रेघ कडीपर्यंत चढली होती.

"शिट्टी वाजत नाहीये," ती कुजबुजली. "टाकीच नाही तर वाजणार कुठून... आणि शिट्टी थांबल्याशिवाय तो थांबायचा नाही. त्यानं कधी अर्धवट काम केलं नाही. माझ्या कवळीतून शिट्टी निघत नाही रे, गिल्दार. तू जा."

मी गेलो. कडी हाताला चिकटली, कातडी घेऊन सुटली. दार उघडलं, आत गेलो, मागे लावून घेतलं. पायऱ्या उतरलो. एक, दोन, सहा. गारवा आधी घोट्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, मग गळ्यापर्यंत आला. काळोखात पाइपच्या तोंडातून घळघळ आवाज येत होता, आणि पडत काहीच नव्हतं. जिथं टाकी होती तिथं जाऊन मी उभा राहिलो, छाती भरून श्वास घेतला आणि शिट्टी मारली. लांब, बारीक, एकसुरी. टाकीची असते तशी. घळघळ चालू. मी मारत राहिलो. डोळ्यांपुढे काजवे चमकले तरी मारत राहिलो. आणि मग एका झटक्यात थांबलो.

घळघळ थांबली.

भिंतीपलीकडे झाकण कुरकुरत फिरलं. उलटं. कोणीतरी ते नीट, घट्ट बसवलं. मग बर्फावरून नळी गुंडाळली जाण्याचा आवाज, आणि ती जड गाडी गेली. वळणाकडे. या वेळी, मला वाटतं, वळणाच्याही पुढे.

मी वर आलो तेव्हा शेगडीनं एक दीर्घ श्वास घेतला आणि ते दोन्ही ओंडके एकदम पेटले. काय सांगू! बीड टिणटिण वाजायला लागलं, धुराडं गर्जायला लागलं, दारावरचं दहिवर घामासारखं ओघळलं. बासष्ट. एकोणसत्तर. अठ्ठ्याहत्तर! जिनेटनं मफलर काढला. मग कोट. मग स्वेटर. बाहेर शून्याखाली वीस, अख्ख्या खोऱ्यात वीज नाही, शेजारपाजारचे तेलाचे बॉयलर विजेवाचून मुके बसलेले, आणि ही बाई बाह्या वर करून खिडकी उघडत होती.

"हे घर आहे की भट्टी?" ती ओरडली, आणि हसायलाच लागली.

मग ती बॅगेकडे वळली. चेन ओढली, आत बघितलं, आईकडे बघितलं. मग एक एक ढलपी काढून तिनं आपल्या हातानं शेगडीत घातली. रिकाम्या बॅगेला लाथ मारून कोपऱ्यात सारलं. त्या इमारतीचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. दिवे येईपर्यंत चौदा शेजारी त्या बैठकीत झोपायला आले होते, आणि मावशी गादीवर बसलेल्या राणीसारखी घावन वाटत होती. त्या हिवाळ्यात मी एकेचाळीस शेगड्या बसवल्या. बरं, एकवीस. पण टाकीबरोबर पाइप प्रत्येक घरातून काढला, त्याच दिवशी. मावशीचा तर मी दुसऱ्या सकाळीच उपटला आणि भोकात सिमेंट भरलं. आतून तो अगदी कोरडा होता.

जिनेट मला निघताना म्हणाली होती, "गिल्दार, तू अगदी पप्पांसारखी शिट्टी मारलीस. माझ्या अंगावर काटा आला." या वाक्यावर मी अकरा वर्षं फुकट जेवतोय.

आता एक कबूल करतो. गाडी, चर, दहिवर, काटा, हे सगळं खरं. बनवलेली गोष्ट एकच. मी पायऱ्या उतरलो नाही. दार मागे लावून घेतलं आणि पहिल्या पायरीवर डोळे मिटून, गुडघे पोटाशी घेऊन बसलो. तिथून शिट्टी मारून बघितली होती मी, नाही असं नाही. फुस्स. वरचे तीन दात नसलेला माणूस शिट्टी मारू शकत नाही, हे तुमच्या कधीच लक्षात यायला हवं होतं.

शिट्टी खालून आली. टाकीच्या जागेवरून. जेवढी सांगितली तेवढीच लांब. थांबल्यावर कोणीतरी हसू दाबल्यासारखं खोकलं.

मी डोळे उघडून दार ढकललं, शेगडीच्या उजेडात खाली पाहिलं, तर दहिवर ओसरत होतं. तळघराची सगळी जमीन पांढरी झाली होती. फक्त टाकी होती तिथं, पाइपकडे तोंड करून, दोन पावलांएवढी जागा कोरडी होती.

मावशीच्या तळघरात आता काही नाही. बटाटे नाहीत, बॉयलर नाही, तापवावं असं काहीच नाही. पण मी धुराडं साफ करायला गेलो आणि सवयीनं ते दार लावायला लागलो, की ती उलथन्यानं माझ्या हातावर मारते.

"राहू दे उघडं," म्हणते. "खालीही जाऊ दे थोडी ऊब."