धाकटीचं फाटक

"भैया, दो प्लेट मोमोज. एक व्हेज, एक पनीर. चटनी जरा तीखी."

खिडकीतून आलेली ही फर्माईश ऐकून कश्मिरानं मान वर केली. तिच्या ओठांत टाचण्या होत्या, मांडीवर अर्धवट निऱ्या घातलेली जांभळी नऊवारी होती आणि गळ्यात टेप. बाहेर झाशीच्या मराठी मंडळाच्या मैदानात पाडव्याच्या आधीच ऊन तापलं होतं. खिडकीशी एक उंच तरुण उभा होता. घामानं कपाळाला चिकटलेली बट, गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र, काखेत कापडी पिशवी, आणि डोळे मोबाइलमध्ये. आत भैया नाही, हे त्याच्या गावीही नव्हतं.

कश्मिरानं सावकाश एकेक टाचणी काढून उशीला टोचली.

"मोमो नहीं हैं," ती म्हणाली. "काष्टा चलेगा?"

त्यानं दचकून वर पाहिलं. आधी तिच्याकडे, मग शिलाई मशीनकडे, मग गाडीच्या अंगावर मोठ्या अक्षरांत रंगवलेल्या ओळीकडे — 'शिवलेली नऊवारी. आम्ही तुमच्या गावी येतो.' रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. बिचाऱ्याचे कान लालबुंद झाले. पण तो पळाला नाही, आणि हे कश्मिराला तेव्हाच आवडलं.

"माफ करा हं... लाईन दिसली, खिडकी दिसली, मला वाटलं फूड ट्रक," तो म्हणाला. "आणि भूकही पुष्कळ लागलीय. मी मकरंद खेर. आईनं साडी दिलीय. म्हणाली, गाडीवालीकडे देऊन ये. मला काय ठाऊक, गाडीवाली म्हणजे शिवणवाली!"

"मराठी आहात होय?"

"झाशीचा मराठी. समजते पूर्ण. बोलताना मधेच हिंदी घुसून जाते, कश्मिराजी." नाव त्यानं पाटीवरून वाचलं होतं.

"घुसू द्या की, गाडीत जागा आहे. पण ते 'जी' नको. आमच्या सांगलीकडे 'जी जी' फक्त पोवाड्यात म्हणतात."

तो हसला. आणि कश्मिराची पुढची निरी जरा वाकडीच पडली...

कश्मिराचे वडील विश्वंभर सांगली डेपोत एसटी चालवायचे. मुलीच्या हाती स्टिअरिंग त्यांनीच दिलं. ते निवृत्त झाल्यावर तिनं शाळेची एक जुनी मिनीबस घेतली, आतली बाकडी उपटून काढली, आणि स्वतःच्या हातानं त्यात मशीन, कपाट, घडीचा पलंग, शेगडी असं सगळं बसवलं. छतावर सौर पॅनेल. बाबांची एसटी थोरली, म्हणून हिचं नाव धाकटी. ग्वाल्हेर, सागर, जबलपूर, इंदूर... कुठल्या जमान्यात तिकडे जाऊन राहिलेली मराठी घरं, ट्रंकेत आजेसासूबाईंची नऊवारी, आणि ती नेसायला कुणालाच येत नाही. कश्मिरा जायची, माप घ्यायची, शिवून द्यायची. पायांत घाला, नाडी बांधा, पदर खांद्यावर टाका, की झालं. कापडाला ती कात्री लावायची तेव्हा घरच्यांचा जीव वर-खाली व्हायचा, आणि शिवून झालेली साडी अंगावर चढली की त्याच बायका आरशासमोरून हलायच्या नाहीत. आपल्या कामाचा कश्मिराला भारी अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे.

फक्त एक वाक्य तिला नकोसं झालं होतं. बघायला आलेला प्रत्येक मुलगा धाकटीचं कौतुक करायचा, फोटो काढायचा आणि चहा संपता संपता विचारायचा — "छानच आहे हो... पण लग्नानंतर थांबवाल ना?"

तिथं कश्मिराचाही चहा संपायचा.

मकरंद दुसऱ्या दिवशी आईला माप द्यायला घेऊन आला. सुहासिनीबाईंचे गुडघे दुखायचे. नेसायला उभं राहवत नव्हतं, आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला तर नऊवारीच हवी होती. तिसऱ्या दिवशी तो आला ते साडी झाली का विचारायला. त्यानंतर उगीचच.

"वायरिंग चेक करून देऊ का? मी ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात इंजिनीयर आहे."

"वायरिंग मीच केलंय. चालतंय ना?"

त्यानं वाकून नीट पाहिलं. "चांगलंच चालतंय," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात जरासुद्धा खट्टूपणा नव्हता. "मग मी काय करू?"

"हुक लावता येतात?"

येत नव्हते, पण शिकला. स्टुलावर गुडघे दुमडून बसायचा, जीभ दातांत धरून टाके घालायचा. बोटात सुई घुसली की "अरे राम..." म्हणून हळूच तिच्याकडे बघायचा, तिनं पाहिलं की नाही ते. तिनं पाहिलेलं असायचं. अहो-जाहो कधी गळून पडलं, ते दोघांनाही कळलं नाही.

एका रविवारी टहरौलीच्या एका घरी साडी पोचवायची होती. "मी येऊ? रस्ता ठाऊक आहे," मकरंद म्हणाला. गाडी कश्मिरा चालवत होती, तो शेजारी बसला होता. दोन्हीकडे गव्हाची कापणी चाललेली, खिडकीतून कोरडा गरम वारा, आणि तिच्या वेणीतली सुटलेली बट पुन्हा पुन्हा त्याच्या खांद्याकडे झेपावणारी. शहराबाहेर एक लांबलचक ट्रेलर मुंगीच्या पावलांनी पुढे चालला होता. त्यावर घराएवढं राखाडी यंत्र होतं.

"थांबव, थांबव! तो आमचा ट्रान्सफॉर्मर आहे!" मकरंद खिडकीतून कंबरेपर्यंत बाहेर झुकला आणि ट्रेलर दिसेनासा होईतो हात हलवत राहिला. परत बसला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "वाऱ्यानं," तो म्हणाला.

"हो... वाऱ्यानंच," कश्मिरा म्हणाली.

पुढे चहाच्या टपरीवर म्हाताऱ्या चहावाल्यानं धाकटीला एक प्रदक्षिणा घातली आणि मकरंदला बुंदेलीत विचारलं, "भैया, जा गाड़ी तुमाई है का?"

"नहीं दद्दा, मैडम की है," मकरंद छाती पुढे काढून म्हणाला. "दुकान भी इनकी, घर भी इनका. हम तो सवारी हैं, पैसेंजर."

कश्मिरानं चहाचा पेला ओठांना लावला आणि बराच वेळ खाली घेतलाच नाही. हा विचारणार नाही, तिला वाटलं. हा ते वाक्य कधीच विचारणार नाही.

त्यानं विचारलं नाही हे खरंच, पण जे केलं ते त्याहून वाईट होतं.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला ती खेरांकडे गेली. खंडेराव गेटजवळच्या गल्लीत त्यांचं बैठं घर होतं, पुढे अंगण. फाटक अरुंद, म्हणून धाकटीला गल्लीतच उभं राहावं लागलं, आणि येणारा-जाणारा प्रत्येक स्कूटरवाला हॉर्न वाजवून तिचा उद्धार करत होता. आत मात्र थाट होता. पाळण्यात गौर, भोवती आरास, पन्हं, कैरीची डाळ, ओल्या हरभऱ्यांचा वास. आणि बायका! जांभळ्या, हिरव्या, मोतिया... जिकडेतिकडे कश्मिराच्या हातच्या नऊवारी. सुहासिनीबाई तर काष्टा मिरवत चक्क गच्चीचा जिना चढून दाखवत होत्या. "ह्या गौरीलाही एक इवलीशी नऊवारी शिव गं," त्या म्हणाल्या. "अक्षय्यतृतीयेला माहेराहून जाते ती. नवं नेसून जाऊ दे." कश्मिरानं शब्द दिला. तिचा ऊर भरून आला होता.

तेवढ्यात मकरंदनं तिला अंगणात बोलावलं. त्याचा चेहरा उजळला होता. त्यानं तिच्या तळहातावर एक किल्ली ठेवली.

"इलाइट चौराहा. पहिल्या मजल्यावर गाळा घेतलाय, तुझ्यासाठी. बोर्डसुद्धा रंगवायला दिला. आता तुला उन्हातान्हात फिरायला नको, कश्मिरा. आता तू... इथंच. माझ्याजवळ."

प्रेमाची कबुली अशी यायची होती तर! कश्मिरा किल्लीकडे पाहतच राहिली.

"मला विचारलंस?"

"सरप्राइज होतं ना..."

"मकरंद, झाशीत मराठी घरं किती? ती सगळी शिवून झाली की मी त्या गाळ्यात बसून काय करू? माझी गिऱ्हाइकं गावोगाव पसरलीत. कुठं चार घरं, कुठं दहा. त्यांच्यासाठी कुणी दुकान काढत नाही, म्हणून मी जाते. माझं कामच जाण्याचं आहे. आणि तू म्हणालास, हम तो सवारी हैं..." तिनं किल्ली बोटांत फिरवली. "सवारीनं गाडी थांबवायची नसते."

मकरंदचा हेतू वाईट नव्हता हो! पण खेरांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नोकऱ्या. वडिलांची टहरौलीला बदली झाली, तर घरात सुतक पडल्यासारखी शांतता होती. अशा घरात प्रेमाचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे कायमची नेमणूक. तीच त्यानं तिला देऊ केली होती.

कश्मिरानं किल्ली परत त्याच्या हातात ठेवली.

"जाते," ती म्हणाली. 'येते' म्हणाली नाही. मराठी माणूस निरोप घेताना असं म्हणत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

पुढचा मुक्काम सागरला. तिथं काम भरपूर होतं. ती दिवसभर मशीन चालवायची, संध्याकाळी धाकटीच्या पायरीवर बसायची. मकरंदचा एकच निरोप आला होता — 'चूक माझी. गाळा परत केला.' तिनं उत्तर दिलं नाही. हुक लावताना मात्र रोज डोळे भरून यायचे. बाबांना फोनवर सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, "शब्द दिलायस ना गौरीच्या साडीचा? मग ती पोचवायची. पुढचं पुढं."

अक्षय्यतृतीयेच्या सकाळी धाकटी पुन्हा खंडेराव गेटच्या गल्लीत शिरली. कश्मिरानं ठरवलं होतं, साडी द्यायची, गौरीला हळदीकुंकू वाहायचं आणि निघायचं. पण घरासमोर येताच तिचा पाय ब्रेकवर गेला.

फाटकाचा उजवा खांब जागेवर नव्हता. तो होता तिथं विटांचा ढीग पडला होता, आणि बराच पलीकडे नवा खांब उभा होता, ओल्या प्लास्टरचा. त्याच्याशी मकरंद उकिडवा बसला होता, हातात थापी, कोपरापर्यंत सिमेंट. भिंतीवर झाकण लावलेला एक जाड प्लग, शेजारी पाण्याचा नळ, दोन्ही नवे कोरे.

ती उतरली. "हे काय चाललंय?"

"फाटक रुंद केलं," तो चाचरत म्हणाला. "धाकटीसाठी."

कश्मिरा एक पाऊल मागं सरली. "म्हणजे आता गाळ्याऐवजी अंगणात? तिला आत घ्यायचंय... आणि ठेवायचंय?"

"नाही, नाही! आत तर ती आधीच्या फाटकातूनही आली असती, आरसे मिटून, रेटून. पण समोर गल्ली अरुंद. बाहेर पडताना वळता आलं नसतं." तो उठून उभा राहिला. "हे बाहेर पडण्यासाठी केलंय. एका दमात निघेल, इतकं रुंद."

तो सिमेंटचे हात पँटला पुसत बोलत राहिला.

"आम्ही ट्रान्सफॉर्मर बनवतो ना, तो झाशीत ठेवायला नसतो बनवत. तो गेटमधून बाहेर निघतो तेव्हा सगळे काम सोडून बघायला उभे राहतात. छाती अशी फुलून येते, कश्मिरा... वाऱ्यानं नव्हतं आलं त्या दिवशी पाणी. हे तुझ्याबाबतीत मला आधीच कळायला हवं होतं. तू जा. जिथं जायचंय तिथं जा. मी इथं आहे, प्लग आहे, पाणी आहे. सुट्टी मिळाली की मी येईन मागून. हुक लावीन. मला... तुझा अभिमान वाटतो. आणि प्रेम तर..." इथं त्याची मराठी संपली. "बहुत है. बहुत ज़्यादा."

कश्मिरानं गळ्यातला, नऊवारीची लांबी मोजायचा लांबलचक टेप काढला. एक टोक त्याच्या हातात दिलं, दुसरं घेऊन डावीकडच्या जुन्या खांबापर्यंत गेली. वाकून आकडा पाहिला. मग धाकटीच्या आरशांकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते, पण माप घेताना ती कधी चुकत नसे.

"बसेल," ती म्हणाली. "दोन बोटं जास्तच आहे."

"आणि मी?"

"लोक विचारतील, बायको कुठंय."

"सांगेन, कामावर गेलीय."

"हुक वाकडा लागला तर सवारीला वाटेत उतरवीन."

"म्हणजे... हो?"

"आधी 'आने दो' म्हण. प्लास्टर ओलं आहे."

आणि मग गल्लीतली झाडून सगळी माणसं दारांत आली. कश्मिरानं धाकटी फाटकाच्या जरा पुढे नेऊन तिची पाठ फाटकाकडे वळवली, आणि मकरंद दोन्ही हात हलवत घसा फाडून ओरडला, "आने दो... आने दो... बस!" नव्या खांबाला ओरखडासुद्धा न काढता धाकटी अंगणात मागं सरकत आली. सुहासिनीबाई ओट्यावर उभ्या होत्या, नऊवारीत. त्या 'आता राहशील ना' म्हणाल्या नाहीत. "गौर जायची वेळ झाली. साडी आण गं," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी जबलपूरला निघायचं होतं. सुहासिनीबाईंनी लाडवांचा डबा दिला, कपाळाला कुंकू लावलं. कश्मिरानं इंजिन सुरू केलं आणि आरशात पाहिलं. मकरंद फाटकाशी उभा होता. समोरच्या घरातल्या काकांनी विचारलं, "मकरंद भैया, ये चल दीं?"

"हाँ काका," तो साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला. "हमारी कश्मिरा हैं. काम पर जा रही हैं."

कश्मिरानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. वारा नव्हता, तरी त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि तिच्याही.

"मकरंद... येते!"

"ये," तो म्हणाला.

आणि धाकटी एका दमात फाटकाबाहेर पडली.