उंदीर क्रमांक एक्केचाळीस

सहा बाटल्या गेल्या. सगळ्या 'ख' खुणेच्या.

फार्मसी कॉलेजात, माणसाची आठवण पुसणाऱ्या आजारावरचं औषध उंदरांवर तपासलं जात होतं. कपाटाच्या किल्ल्या दोघांकडेच: प्राध्यापक सर आणि त्यांच्या हाताखाली संशोधन करणारी पोरगी. सरांवर संशय कोण घेणार? प्राचार्यांनी स्टोअरच्या बाईंना बजावलं, संध्याकाळपर्यंत छडा लावा, नाहीतर पोरीचं नाव काढून टाकतो. चार वर्षं पाण्यात.

पोरगी रडली नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, एवढंच पुटपुटली.

बाईंनी तिच्याकडे वजनांची वही मागितली. डोस वजनावर ठरतो. वजन लिहावंच लागतं.

क्र. ३९ – २४८
क्र. ४० – २५५
क्र. ४१ – ४८

"हे पिल्लू कुठलं?"

"पिल्लं नाहीतच, बाई. उंदीर चाळीसच. सरांचं अक्षर आहे, म्हणून विचारलं नाही."

पुढची पानं. ४८. ४७. ४५.

पिल्लू असतं तर वाढलं असतं.

बाई वही घेऊन सरांच्या खोलीत गेल्या. दार लोटून घेतलं.

"हे ग्रॅम नाहीत, सर. किलो आहेत. आजारी वहिनींचं वजन."

सरांनी चष्मा काढला.

"दिलेला डोस लिहायचाच, जन्मभर हेच शिकवलं. हात थांबला नाही."

मग सांगत गेले. बायको आता त्यांनाच विचारायची, तुम्ही कोण. 'क' की 'ख', खरं औषध कशात, हे मुद्दामच त्यांच्यापासूनही लपवलेलं; बाटल्या बाईंनी भरलेल्या. पण 'ख'चे उंदीर भुलभुलैयातून भराभर सुटत होते. औषध तेच, असं धरून त्यांनी बाटल्या घरी नेल्या. पोरीवर बालंट येईल हे ध्यानात आलं नाही. त्यांनी कागद ओढला, सगळं लिहून सही केली.

"फक्त 'ख' बंद करू नका. परवा तिनं मला 'अहो' म्हटलं. दोन वर्षांनी."

बाईंनी कागदाची घडी करून वहीत ठेवली.

"सर, 'ख' म्हणजे नुसतं साखरपाणी."

सर हिशेब करत असावेत. म्हणजे औषध 'क'. म्हणजे औषधाचा उपयोग नाही. अकरा वर्षांचं संशोधन.

पण त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"मग ती 'अहो' म्हणाली, ते?"

"ते वहिनींनी आपणहून म्हटलं, सर."