कोपऱ्यातला आवाज

मांजरसुंब्याच्या चौकातला तो धाबा आता राहिला नाही. तिथं टायरचं दुकान झालंय. तरी एसटी त्या वळणावर हळू झाली, की यशोधराची मान आपसूक खिडकीकडं वळते. शेजारच्या बाईला वाटतं, हिला उतरायचंय. उतरायचं नसतंच... तिला फक्त सात वर्षं मागं जायचं असतं, क्षणभर.

भादव्यातली दुपार होती ती. केजला आत्याकडं राहून ती बीडला परतत होती. सकाळपासून झड लागलेली, त्यात गाडीचा वायपर बंद पडला. ड्रायव्हरनं गाडी धाब्यापुढं उभी केली आणि पाऊस उघडेपर्यंत हलणार नाही म्हणून सांगून टाकलं. माणसं डोक्यावर पिशव्या धरून आत पळाली. ओल्या कपड्यांचा वास, शेवभाजीचा ठसका, आणि मधल्या टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला एक मोबाइल. भोवती चार-पाच डोकी.

मोबाइलवर बॉक्सिंगच्या जुन्या लढतीचा व्हिडिओ चालला होता. उमापूरचा बजरंग. राज्यातला पहिल्या नंबरचा हेवीवेट, जिल्ह्याचा लाडका. पण राष्ट्रीय स्पर्धेत गेली तीन वर्षं तो उपांत्य फेरीच्या पुढं जात नव्हता. समोर कायम तोच हरियाणाचा गडी, आणि कायम तिसरा राऊंड.

"पोट सुटलंय त्याचं," एक ट्रकवाला म्हणाला.

"पोटाचं काय घेऊन बसला बे? पाय जड हायेत. लई जड."

"भाकरीवरचं पोरगं हाय," एक म्हातारा हळहळला. "बदाम खाणारापुढं कसं टिकंल?"

त्या घोळक्यात चष्मा लावलेला एक सडसडीत तरुण होता. तो इतका वेळ गप्प होता. आता म्हणाला, "तसं काही न्हाई. दम कमी पडतो त्याचा. तिसऱ्या राऊंडला छातीत हवाच उरत न्हाई."

"चुकतंय तुमचं," यशोधरा म्हणाली.

बोलून गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. सगळी डोकी वळली. पण आता माघार कशी घ्यायची? एके काळी ती स्वतः विद्यापीठाकडून चोपन्न किलोत खेळलेली. खांदा निखळला आणि हातमोजे सुटले, नजर मात्र सुटली नव्हती.

"जरा मागं घ्या," ती पुढं सरकली. "हां, इथं थांबवा. दम संपलेला माणूस तोंड उघडतो, हात खाली टाकतो. याचं तोंड बंद हाय. हात वर हायेत. पण डोळे बघा."

चष्मेवाल्यानं मोबाइल नाकाशी नेला.

"कोपऱ्याकडं बघतोय," ती म्हणाली. "दर चार-पाच सेकंदांनी. समोरचा नेमका तेवढ्यात मारतो. कोपऱ्यातला तो माणूस... दिसत न्हाई, नुसता टॉवेल दिसतोय... तो सारखा वराडतोय. डावा उचल, मागं हो, आत शिर. नियमानं राऊंड चालू असताना कोपऱ्यातनं बोलायचंच नसतं. या गड्याची उणीव त्याच्या अंगात न्हाई. कोपऱ्यात उभी हाय."

चष्मेवाल्याचे कान हळूहळू लाल होत गेले.

"तुमाला बरंच कळतं यातलं," तो सावकाश म्हणाला.

"पंचाची परीक्षा दिलीय मी."

"पंच मारायची?"

"मारून झाले. आता दुसऱ्यांचे मोजायची."

तो हसला. हसताना चष्मा सावरायची त्याची एक लकब होती, एका बोटानं, लाजल्यासारखी. पुढं काही बोलणार, तेवढ्यात एसटीच्या दारातून एक अवाढव्य माणूस वाकून उतरला. मागच्या बाकावर तोंडावर गमछा घेऊन झोपला होता, म्हणून तिनं त्याला पाहिलंच नव्हतं. धाब्याच्या पत्र्याला डोकं लागू नये म्हणून मान तिरपी करत तो आत आला आणि जांभई देत म्हणाला, "सर, चहा सांगितला का?"

बजरंग. आणि सर म्हणजे चष्मेवाला.

यशोधराला वाटलं, बाहेर जाऊन पावसात उभं राहावं. पण त्यानं खुर्ची पुढं सरकवली. "बसा की. अर्धवटच सांगितलंत तुमी. अजून काय काय दिसलं?"

त्याचं नाव प्रवीण. उमापूरच्या शाळेत खेळाचा मास्तर. नऊ वर्षांपूर्वी, नववीतल्या बजरंगाला त्यानंच पहिल्यांदा हातमोजे घातले होते. पाऊस उघडेपर्यंत तासभर गेला, आणि त्या तासात घड्याळाकडं बघायचं तिला एकदाही सुचलं नाही...

पुढच्या रविवारी, ती दर आठवड्याला जायची त्या बीडच्या क्रीडा संकुलात तो बजरंगाला घेऊन हजर. "उमापूरला रिंग न्हाई ना," त्यानं कारण सांगितलं. मग नऊ वर्षं रिंगवाचून कसं भागलं, हे तिनं विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

मग रविवारच रविवार. बजरंग दोरखंडांच्या आत घाम गाळायचा आणि बाहेर ही दोघं त्याच्या उणिवांवरून भांडायची. तो म्हणायचा, उजवा पाय उशिरा फिरतो. ती म्हणायची, पाय बरोबर आहे, खांदा आधी चुगली करतो. तो म्हणायचा, मनानं मऊ आहे, समोरचा डगमगला की हा थांबतो. ती म्हणायची, त्याला उणीव कशाला म्हणायचं?

"तुमी सगळ्यांच्याच उणिवा काढता का?" त्यानं एकदा विचारलं.

"ज्यांच्याकडं नीट बघते त्यांच्या."

"मग माजी?"

"तुमच्याकडं..." ती टाचेनं माती उकरत म्हणाली, "अजून नीट बघितलं न्हाई."

खोटं होतं ते. डबा उघडला की तो पहिली भाकरी बजरंगाला देतो, तिच्या दुखऱ्या खांद्यावरची पिशवी न विचारता स्वतःकडं घेतो, बोलता बोलता ती हसली की वाक्य विसरतो... सगळं नोंदवून झालं होतं. पंच होती ना ती.

डिसेंबरात एका सकाळी तिघं कपिलधारला गेली. बजरंगाला पायऱ्या चढ-उतार करायला लावून ही दोघं धबधब्यासमोरच्या दगडावर बसली. पाणी ओसरलं होतं, तरी वाऱ्याबरोबर तुषार यायचे. प्रवीणनं चष्मा काढून रुमालानं पुसला. चष्म्यावाचून त्याचा चेहरा एकदम पोरसवदा दिसला, आणि डाव्या डोळ्याखालचा बारीक व्रण तिला पहिल्यांदाच दिसला.

"हे कशाचं?"

तो पाण्याकडं बघत सांगायला लागला. "मीबी खेळत होतो. पंचाहत्तर किलोत. शेवटच्या लढतीत समोरच्याचा उजवा मला दिसलाच न्हाई. माज्या कोपऱ्यातल्या मास्तरांना दिसला होता. त्यांनी नंतर कबूल केलं. पण ते गप्प बसले... नियम हाय म्हणून. डोळ्याचा पडदा फाटला. डॉक्टर म्हणले, बास."

"म्हणून तुमी ओरडता."

"म्हणून ओरडतो. त्या पोराला एकबी ठोसा न दिसता लागू न्हाई."

तिचा हात त्याच्या हाताशेजारी दगडावर होता. मध्ये बोटभर जागा. ती बोटभर जागा मिटवावी असं तिला फार वाटलं. पण खरं बोलायची खोड आडवी आली.

"प्रवीणसर, जानेवारीत संभाजीनगरच्या स्पर्धेत फायनलला तो हरियाणावालाच समोर येणार. त्या लढतीला तुमी कोपऱ्यात उभं राहू नका."

"काय?"

"तुमी त्याचे डोळे झालात. म्हणून तो स्वतःचे वापरत न्हाई."

पायऱ्यांवरून बजरंगाची धाप जवळ येत होती. प्रवीण उठला, पँटवरची माती झटकली.

"नऊ वर्षं," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, म्हणूनच तिला जास्त लागला. "नऊ वर्षं त्याच्या पुढं-मागं उभा हाय मी. आन् तुमी चार महिन्यांत सांगता, मीच अडसर."

पुढच्या रविवारी कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. यशोधरा संकुलात जायची, रिकाम्या रिंगभोवती एक चक्कर मारायची आणि घरी यायची. "तोंडाला आवर घालत जा," असं आई पारूबाई लहानपणापासून सांगत आली होती. तिला पहिल्यांदा ते पटलं. पण खोटं बोलून त्याला जवळ ठेवायचं, तर ते जवळ असणं तरी कसलं... असंही वाटायचं. दोन्हीकडून जीव कासावीस.

जानेवारीत लढतीच्या आदल्या सकाळी प्रवीणचा फोन आला.

"मी प्रेक्षकांत बसणार हाय." मग घाईनं पुढं, "एकट्याला जमणार न्हाई मला. तुमी येता का?"

गॅलरीत तिसऱ्या रांगेत ते बसले. खाली बजरंगाच्या कोपऱ्यात लातूरचे एक अनोळखी प्रशिक्षक, मितभाषी. पाणी द्यायचे आणि पाठ थोपटायचे, बास. घंटा झाली. प्रवीणनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. पण तोंडाचं काय करणार? तो तिच्या कानाशी पुटपुटायला लागला. "डावा वर... डावा... आता मागं... न्हाई, न्हाई..." नऊ वर्षांचा सगळा ओरडा त्या दुपारी एकट्या यशोधराच्या कानात उतरत होता, गरम श्वासासकट. तिनं त्याला गप्प केलं नाही.

पहिला राऊंड अटीतटीचा, कुणालाही जाईल असा. दुसऱ्यात बजरंग गोंधळला, दोन सणसणीत ठोसे बसले. प्रवीण अर्धवट उठला. तिनं त्याचं मनगट धरलं.

"बसा."

"त्याला दिसत न्हाई, यशोधरा."

"दिसंल. बसा."

तो बसला. मनगट तिनं सोडलं नाही.

तिसऱ्या राऊंडला मिनिट झालं आणि बजरंगानं सवयीनं कोपऱ्याकडं पाहिलं. तिथं ओळखीचं कुणी नव्हतं. प्रवीणचं पुटपुटणं थांबलं. बजरंगानं मान वळवली, समोर पाहिलं आणि मग शेवटपर्यंत तो समोरच बघत राहिला. हरियाणाच्या गड्याचा उजवा निघाला. बजरंग त्याच्या आतून सरकला, डावा, पुन्हा डावा, मग उजवा. सगळी गॅलरी उभी राहिली. ही दोघं मात्र बसूनच होती, मनगट धरून.

पाचांतल्या तीन पंचांनी बजरंगाला दिलं.

तो तसाच घामेजलेला गॅलरीत चढून आला आणि मास्तरांच्या खांद्यावर डोकं ठेवून लेकरासारखा रडला. "सर, तुमचा आवाज न्हाई म्हणून लई भ्या वाटलं. कावून गेलात असं वाटलं. मग... मग समोरच्याचा श्वास ऐकू आला. आजवर कधी आलाच नव्हता."

प्रवीणनं चष्मा काढला. बराच वेळ पुन्हा लावला नाही.

परतीच्या एसटीत बजरंग पुढच्या बाकावर पदक मुठीत धरून बसला होता. मागं ही दोघं. बाहेर उन्हं कलती, उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगा, खिडकीतून येणारा गोडसर वास. दुपारभर पुटपुटणारा माणूस आता अवाक्षर बोलत नव्हता. यशोधराला माहीत होतं, गेवराईला तो उतरणार. तिथून उमापूर. आणि आता रविवारी बीडला यायचं काही कारण उरलं नव्हतं. बजरंगाला राष्ट्रीय शिबिराचं बोलावणं येणार, हे प्रशिक्षकांनी तिथंच सांगितलं होतं.

गेवराई आलं. बजरंग पिशव्या घेऊन उतरला. कंडक्टरनं दोनदा पुकारा केला. प्रवीण बसूनच राहिला.

"सर, उतरा की," बजरंगानं खालून खिडकी वाजवली.

"तू जा," प्रवीण म्हणाला. "मला पुढं जायचंय."

बजरंगानं एकदा सरांकडं पाहिलं, एकदा हिच्याकडं. मग त्याच्या एवढ्या मोठ्या तोंडभर हसू पसरलं, आणि पिशव्या खांद्यावर टाकून तो चालू लागला.

घंटी वाजली. गाडी हलली. कंडक्टर जवळ येऊन उभा राहिला, तेव्हा प्रवीणनं खिशात हात घातला. "बीड. एक."

यशोधरानं खिडकीबाहेर बघतच विचारलं, "बीडला काय काम काढलं?"

"आबासाहेब घरी असतात का या वेळी?"

आबासाहेब म्हणजे तिचे वडील. तिनं मान वळवली. त्याचे कान पार लाल झाले होते.

"असतात," ती म्हणाली. "पण त्यांच्याशी काय बोलणार?"

"ते अजून ठरलं न्हाई." त्यानं एका बोटानं चष्मा सावरला. "बीड यायला अजून तासभर हाय. तेवढ्यात तुमी शिकवा..."

ती हसली. मग दोघांच्या मधली पिशवी उचलून तिनं पायाशी ठेवली, आणि त्याच्याकडं सरकून बसली.