सातवी थाप

खोटं वाटेल, पण हे घडलेलं आहे. स्वित्झर्लंडमधलं आमचं एंगादिन खोरं. फेब्रुवारीतला मंगळवार, सकाळचे आठ.

दुरी गावासाठी बर्फाची पाहणी करायचा. उतारावर खड्डा खणायचा, बर्फाचा खांब कोरायचा, त्यावर फावडं ठेवून थापा मारायच्या. दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. तीस थापांना खांब टिकला तर ठीक. आधीच थर सुटला, तर त्या उतारावर पाऊल ठेवू नये.

त्या दिवशी तापमान उणे अठरा होतं. दुरी गाडीतून उतरलाच नाही. कॉफी पीत पीत त्याने मागच्या वेळचेच आकडे उतरवून काढले.

तेवढ्यात कुर्दिनचा फोन आला. लहानपणापासूनचा दोस्त, डोंगरातला वाटाड्या.

"खणलंस ना रे? की गाडीत घोरत होतास?"

"तीस थापा मारल्या बाबा! हात मोडले, बर्फ हलला नाही."

कुर्दिन त्या उतारावर गेला.

दुपारी अख्खा उतार खाली आला. त्याच्याखाली कुर्दिन.

संध्याकाळी दुरीने गुपचूप शेजारच्या बर्फात खणून पाहिलं. सातव्याच थापेला थर सुटला...

हे तो कोणालाच बोलला नाही. गाव म्हणालं, कुर्दिन पहिल्यापासूनच अतिशहाणा, तपासलेली जागा सोडून भलतीकडेच गेला असणार. दुरीने त्यावर मानही डोलावली. ती मान डोलावल्याची त्याला सगळ्यात जास्त लाज वाटते.

पुढच्या हिवाळ्यात तो पुन्हा त्याच उतारावर गेला. खणलं. खांब कोरला. फावडं ठेवलं. हात उचलला...

थप्.

हात तर अजून हवेतच होता.

थप्... थप्...

आवाज वरच्या बाजूने येत होता. बर्फाच्या आतून. हलक्या, मनगटातल्या थापा.

सात झाल्या... आणि थांबल्या.

दुरी धडपडत वर चढला. तिथे एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

मागे वळून पाहतो तर त्याचा खांब, हातही न लावता, सुटून पडलेला.

तो तसाच कुर्दिनच्या बायकोकडे, लादिनाकडे गेला. आज सगळं सांगून टाकायचंच. तिने त्याच्यापुढे जवाचं गरम सूप ठेवलं.

"केवढा थरथरतोयस! आधी खा बघू. आणि जिवाला लावून घेऊ नकोस, दुरी. तू नीट सांगितलं होतंस. चूक त्याचीच. मुलांनाही मी हेच सांगते."



मग तिने आवाज खाली आणला.

"एक विचारू? त्याचं फावडं टांगलंय ना, त्या भिंतीवर रोज सकाळी आठला थापा पडतात. सात. मोजल्यात मी. तुमच्या कामात सातला काही अर्थ असतो का रे?"

दुरीने चमचा उचलला.

"नाही गं," तो म्हणाला. "काही अर्थ नसतो."

हे सगळं दुरीने स्वतः मला सांगितलं. लादिनाला अजून कोणी काही सांगितलेलं नाही. मीही नाही.

आणि सोमवारपासून, सकाळी आठला, माझ्या भिंतीवर...

मी मोजायचं टाळतो.